फक्कीवाला बोलते

पानठेल्यावर परवा कोणी तरी म्हने,
देवानंद कुमरेचा गुडघा गेला थे बरंच झालं,
नाई तं प्रणयले चान्स कवा भेटला असता.
मी चुना मागत होतो, खायाचा.
हात तसाच राह्यला पुढं.

मी काई खेयाडू नाई.
कबड्डीच्या मैदानाच्या रेषा मारतो, बावीस वर्सं झाली.
घमेलंभर फक्की, सुतळी, दोन खुट्या.
पर सामना सरला, लाइटा इझल्या, मानसं घरी गेली
का मंग मैदानात नुसते पाय उरते.
कोन कुठलोक गेल्ता, कोन अर्ध्यातून फिरला,
थे मातीत लिवलेलं असते
अन् मलेच पुसा लागते.

देवानंदचे पाय मी अंधारात बी ओळखीन.
उजवी टाच खोल,
डाव्या चवड्याचा नुसता डाग,
अन् दर चढाईले बोनस रेषेच्या पल्याड.
ज्या वर्सी मंडळात पोट्टे सात अन् जर्स्या सहा,
थो बनियनवर खेयला, पाठीवर कोयशानं सात लिवून.
घामानं आकडा पार पुसून गेला.
तवा तुमी कुठं होते बे?

वाढोन्याचा सामना आठवते?
आपले सहा गडी बाद, काठावर माना घालून बसलेले.
एकटा थो उरला, दीड मिनिट बाकी.
रेष शिवून वापस आला असता
तरी कोनी नाव ठेवलं नसतं.
थो आत गेला.
दोघाले शिवला. तिसऱ्यानं घोटा धरला.
चौथा आंगावर आला, सारं वजन घेऊन, गुडघ्यावर.
आवाज मी आयकला.
वायलेली पऱ्हाटी मोडते ना, तसा.
तरी हात मधल्या रेषेवर.
माह्या फक्कीत पाच बोटं.

प्रणय भारी हाय, त्यात वाद नाई.
जाळ्यातून निसटल्या तित्तरावानी येते पोट्टं.
देवळीले चौदा गुन घेतले,
तुमी गुलाल उधयला.
मी बी उधयला, खोटं काहून बोलू.
पर तुमी पाहे त्याचे पाय
अन् मी पाहो त्याचे डोये.
दर चढाईच्या आंधी, दर म्हंजे दर,
थो एक डाव मांगं पाहे.
मांगं, पान्याच्या कॅनजवळ,
एका खुर्चीवर देवानंद, दुसऱ्या खुर्चीवर त्याचा पाय,
प्लास्टरवर भाचीनं स्केचपेननं काढलेली बकरी.
थो मांडीवर दोन बोटं वाजवे:
डावा कोपरा थकला, तिकडून जाय.
एक बोट: घाई नको, दम पुरव.
आता चौदातले कोनाचे किती,
मांडा हिशोब. मले जमत नाई.

हे सारं मी ठेल्यावर बोललो का?
नाई बोललो.
चुना घेतला, सायकल काढली.
म्हून आता या रिकाम्या मैदानाले सांगून रायलो.
प्रणय उद्या त्याच्याहून मोठा होईन. होऊ दे.
सेवाग्रामचा डॉक्टर "पाहू" म्हन्ते,
अन् डॉक्टरचं "पाहू" मले समजते.
पर कोनाचं हाड मोडलं म्हून ज्याले गोड लागते
त्यानं माह्या रेषेच्या आत पाय ठेवू नये.

आज पाह्यटी आलो तं मैदानात आंधीच पाय.
टाच, अन् बाजूनं काठीचं गोल भोक.
टाच, भोक.
मधल्या रेषेपासून सरळ आतलोक,
अन् बोनस रेषेच्या दोन बोटं अलीकडं थांबलेले.
तिथं माती जरा चोळलेली. लय येळ उभा असन.

मी फक्की घेऊन बसलो.
दोन बोटाचं काय हो,
सुतळी जराशी सैल सोडली असती तं कोनाले समजलं असतं?
मंग खुटी ठोकली, सुतळी तानली,
अन् रेष जिथं असते तिथंच मारली.
अलीकडं घेतलेली त्याले चालली नसती.